ताऱ्याआधी दिसतो तो त्याचा ढग

पौष-माघात रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय आणि मधले एका ओळीतले तीन म्हणजे व्याधाने सोडलेला बाण, हे आपल्याकडे लहानपणीच कळतं. त्या बाणाच्या थोडं दक्षिणेला अंधूक ताऱ्यांची आणखी एक छोटी उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका नीट पाहिला तर तारा वाटत नाही, त्याच्या कडा पुसट आहेत. बायनॉक्युलर लावला की तो राखाडी, किंचित हिरवट धुरासारखा पसरतो, आणि लहानशा दुर्बिणीतून त्याच्या पोटात अगदी जवळजवळ असलेले चार तारे वेगळे दिसू लागतात.

हा मृगातला तेजोमेघ, मेसियरच्या यादीतला एम ४२. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचा पसारा २० प्रकाशवर्षांहून मोठा आहे. त्या चार ताऱ्यांपैकी सगळ्यात तेजस्वी, ‘थीटा-१ ओरायनिस सी’, सूर्याच्या तिसेक पट वस्तुमानाचा आहे आणि त्याच्या पृष्ठभागाचं तापमान ३९,००० अंशांच्या घरात आहे. एवढा मोठा ढग उजळण्याचं बहुतेक काम हा एकटा तारा करतो.

एम ४२ बघताना आपण नशीबवान असतो, कारण ढगाचा आपल्याकडचा पडदा फाटलेला आहे आणि आतला तारा उघडा पडलेला आहे. आपल्या आकाशगंगेतल्या बहुतेक अवजड ताऱ्यांच्या बाबतीत असं होत नाही. त्यांचं बालपण जाड धुळीच्या आड जातं. आपल्यापर्यंत तारा पोचत नाही, पोचते ती त्याने फोडलेल्या वायूची खबर. त्या खबरीवरून तारा किती मोठा, किती वयाचा, अजून वाढतोय की वाढ थांबली, हे ठरवायचं असतं. अवजड तारे कसे जन्मतात याबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातला मोठा भाग या ढगांकडूनच आलेला आहे.

वायू ‘फोडणं’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनला कायमचं बाहेर काढायचं तर १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा अतिनील फोटॉन लागतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून असे फोटॉन जवळपास निघतच नाहीत. तिसेक हजार अंशांच्या पुढे मात्र चित्र पालटतं. मोठा ओ वर्गाचा तारा दर सेकंदाला एकावर एकोणपन्नास शून्यं इतके असे फोटॉन बाहेर टाकतो. त्यातला प्रत्येक जण वाटेत भेटलेला एक अणू फोडू शकतो.

मग सगळा ढग का फुटत नाही? कारण सुटलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन पुन्हा भेटतात, जुळतात, आणि तो अणू परत फोडावा लागतो. ताऱ्यापासून जसजसं दूर जावं तसा फोटॉनचा साठा या दुरुस्तीतच खर्च होत जातो आणि एका ठरावीक अंतरावर संपतो. तिथवर जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनीभूत, पलीकडे जवळजवळ सगळा अखंड, आणि मधली सीमा फारच पातळ. डेन्मार्कच्या बेंग्ट स्ट्रॉमग्रेन यांनी १९३९ साली हे गणित मांडलं. त्या गोलाला आज त्यांचंच नाव आहे, आणि अशा आयनीभूत ढगांना खगोलशास्त्रज्ञ ‘एच टू क्षेत्रं’ म्हणतात.

स्ट्रॉमग्रेनच्या गणितातली महत्त्वाची गोष्ट घनता. मगाशी सांगितलेला ओ तारा घन सेंटीमीटरला १०० अणू असलेल्या विरळ वायूत ठेवला तर गोलाची त्रिज्या सुमारे १० प्रकाशवर्षं भरते. तोच तारा १० हजार अणूंच्या वायूत ठेवला तर ती अर्ध्या प्रकाशवर्षावर येते, आणि घनता १० लाखांवर नेली तर प्रकाशवर्षाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास. तारा तोच, फोटॉन तेवढेच, पण ढग पाचशे पट लहान. पुढे येणाऱ्या कोड्याचं मूळ इथे आहे. बाकी ‘दाट’ हा शब्दही जपूनच वापरायला हवा. आपल्या श्वासातल्या हवेच्या एका घन सेंटीमीटरात एकावर एकोणीस शून्यांहून जास्त रेणू असतात. तेजोमेघाचा सगळ्यात दाट भाग पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत उत्तम निर्वात म्हणून खपेल.

आयनीभवन म्हटलं की मेघनाद साहा आठवतात, आणि आठवायलाच हवेत. त्यांचं १९२० सालचं समीकरण ताऱ्यांच्या वातावरणातल्या आयनीभवनाचा हिशेब देतं. तिथे वायू स्वतः तापलेला आणि औष्णिक समतोलात असतो. तेजोमेघात तसा समतोल नाही. इथला वायू फुटतो तो दुसऱ्याच्या प्रकाशाने, आणि इतका विरळ असतो की कणांच्या टकरींना समतोल राखायला सवडच मिळत नाही. त्यामुळे साहांचं समीकरण इथे सरळ लावता येत नाही. तरी अणू कितपत फुटला आहे यावरून दूरच्या वायूची अवस्था वाचायची, ही रीत त्यांनीच घालून दिलेली आहे.

या विरळपणामुळेच एकोणिसाव्या शतकात एक मोठा घोळ झाला होता. लंडनमध्ये विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली तेजोमेघांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा येण्याऐवजी मोजक्याच चमकदार रेषा आल्या. म्हणजे हे दूरच्या ताऱ्यांचे पुंजके नव्हेत, हा खरोखरचा वायू, हे त्या संध्याकाळी कळलं. पण हिरव्या भागातल्या ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरच्या दोन रेषा माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याच्या नव्हत्या. सूर्यात आधी हेलियम सापडला आणि मग पृथ्वीवर. तेव्हा इथेही नवं मूलद्रव्य असणार असं धरून लोकांनी त्याला ‘नेब्युलियम’ असं नावही दिलं. त्या रेषांचं कोडं साठेक वर्षं सुटलं नाही. १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेन यांनी हिशेब मांडून दाखवला की ही रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनची आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. तो आयन एका ऊर्जापातळीवर अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ बसून राहतो आणि मग हिरवा फोटॉन सोडून खाली येतो. हवेत अर्ध्या मिनिटात त्याला अब्जावधी धक्के बसतील आणि फोटॉन सोडण्याची वेळच येणार नाही. तेजोमेघात मात्र त्याला तेवढा एकांत मिळतो. म्हणून ही रेषा प्रयोगशाळेत कुणाला भेटली नव्हती.

बायनॉक्युलरमधून एम ४२ हिरवट का दिसतो आणि छायाचित्रांत तांबडा-गुलाबी का, याचंही उत्तर यातच आहे. अंधाराला सरावलेला डोळा ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वात तीक्ष्ण असतो, म्हणजे नेमका ऑक्सिजनच्या रेषेपाशी. कॅमेऱ्याला हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषाही तितकीच पकडता येते. मंद प्रकाशात ती आपल्याला दिसत नाही. छायाचित्र खोटं नाही आणि डोळाही नाही.

ऑक्सिजनची ही रेषा आणखी एक काम करते, आणि मला ते फार सुंदर वाटतं. प्रत्येक हिरवा फोटॉन ढगातून थोडी उष्णता बाहेर घेऊन जातो. वायू जरा जास्त तापला की ऑक्सिजनला धक्के जोरात बसतात, रेषा उजळते, उष्णता भराभर निघून जाते. त्यामुळे तारा ३५ हजार अंशांचा असो की ४५ हजारांचा, ढगाचं तापमान बहुधा ७ ते १० हजार अंशांच्या पट्ट्यात राहतं. आता आकाशगंगेच्या केंद्रापासून बाहेर जावं तसं वायूतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, कारण तिकडे ताऱ्यांच्या कमी पिढ्या होऊन गेल्या. ऑक्सिजन कमी म्हणजे थंडावा कमी, म्हणजे ढग अधिक गरम. आणि मोजमापात तसंच येतं: केंद्राकडचे ढग थंड, बाहेरचे गरम. एका तापमानावरून आकाशगंगेच्या त्या भागात आजवर किती तारे शिजले आणि विझले याचा अंदाज लागतो.

आता त्या झाकलेल्या बालपणाकडे.

सूर्यासारखा तारा आकसत आकसत केंद्रकीय संमीलनाच्या स्थिर अवस्थेला यायला काही कोटी वर्षं घेतो. तोवर त्याच्या भोवतालची धूळ विरलेली असते, त्यामुळे त्याचं पोरवय आपल्याला उघड बघायला मिळतं. वीस-तीस सूर्यांएवढा तारा हेच अंतर काही हजार ते काही दहा हजार वर्षांत कापतो. इतक्या घाईत, की त्याच्यावर वायू पडायचा थांबलेलाही नसतो. म्हणजे तारा पूर्ण पेटलेला, अतिनील फोटॉन ओतणारा, आणि त्याच वेळी आजूबाजूने माल येतच असलेला. या दोन्ही गोष्टी एका वेळी चालतात, हे अवजड ताऱ्यांचं वेगळेपण आहे. भोवतीची धूळ एवढी जाड असते की दृश्य प्रकाश बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

रेडिओलहरी मात्र धुळीतून आरपार येतात. आयनीभूत वायूत मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या जवळून जाताना वळतात आणि वळताना रेडिओलहरी सोडतात. हा आवाज मोजला की ढगात किती आयनीभवन चाललंय ते कळतं, त्यावरून दर सेकंदाला फोटॉन किती, आणि त्यावरून आतला तारा कुठल्या वर्गाचा. न दिसलेल्या ताऱ्याचं वजन असं निघतं. शिवाय एखादा इलेक्ट्रॉन प्रोटॉनपाशी परतताना फार वरच्या पायरीवर बसला, समजा ११० व्या, आणि तिथून १०९ व्या पायरीवर आला, तर जवळपास ५,००९ मेगाहर्ट्झची एक बारीक रेषा उमटते. अशा रेषा दिसतील असं निकोलाय कार्दाशेव यांनी १९५९ मध्ये सांगितलं, सोव्हिएत गटांनी १९६४ मध्ये त्या पकडल्या, आणि १९६५ मध्ये अमेरिकेत होग्लुंड आणि मेझगर यांनी वर सांगितलेली रेषा स्पष्टपणे टिपली. रेषा किती सरकली यावरून ढगाचा वेग, आणि वेगावरून तो आकाशगंगेत कुठे असावा ते ठरतं. विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ च्या डिसेंबरात सूर्याजवळच्या सर्पिल भुजांचा पहिला विश्वासार्ह नकाशा मांडला तो दृश्य प्रकाशातल्या अशाच ढगांवरून. पुढे १९७६ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्जेलिन दांपत्याने रेडिओ रेषांची जोड देऊन चार भुजांचं चित्र उभं केलं. अवजड तारे आयुष्य थोडकं असल्यामुळे जन्मगाव सोडून लांब जात नाहीत, म्हणून भुजा कुठे आहेत ते तेच दाखवतात. २०१४ मध्ये ‘वाइज’ या अवरक्त उपग्रहाच्या माहितीवरून तयार झालेल्या यादीत आपल्या आकाशगंगेतली अशी ज्ञात आणि संभाव्य मिळून आठ हजारांहून जास्त क्षेत्रं आहेत.

यातला एक धागा थेट जुन्नर तालुक्यात येतो. नारायणगावजवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात दाटीने, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, टोकाची जोडी जवळपास २५ किलोमीटर अंतरावर. तबकडीचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नाही, पोलादी तारांची ताणलेली जाळी आहे. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी भरीव आरशासारखीच लागते, वाऱ्याला मात्र आरपार जाऊ देते. डोंगरांच्या आडोशाची जागा मुद्दाम निवडली, म्हणजे शहरांचा रेडिओ गोंगाट कमी पोचावा.

या मांडणीचा फायदा एच टू क्षेत्रांना नेमका होतो. लांबच्या तबकड्या ढगातला बारीक तपशील वेगळा काढतात, जवळच्या दाटीमुळे पसरलेला मंद उजेडही हातचा जात नाही. ६१० आणि १,२८० मेगाहर्ट्झवर खोडदहून अशा अनेक क्षेत्रांचे नकाशे झाले आहेत. आपल्याकडे त्याला आणखी एक जोड मिळाली: टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादहून मोठ्या फुग्यातून वर पाठवली जायची आणि ती याच क्षेत्रांतल्या तापलेल्या धुळीचा नकाशा काढायची. वायू पुणे जिल्ह्यातून, धूळ हैदराबादच्या आकाशातून, असा एकाच ढगाचा दुहेरी हिशेब झाला.

कमी वारंवारतेवर बघण्यात आणखी एक गंमत आहे. दाट आयनीभूत वायू कमी वारंवारतेला अपारदर्शक होतो, स्वतःचाच आवाज स्वतः गिळतो. तसं झालं की त्याची चमक थेट त्याच्या तापमानाएवढी राहते, म्हणजे तापमान सरळ वाचता येतं. आणि कुठल्या वारंवारतेपासून तो पारदर्शक होऊ लागतो त्यावरून घनता निघते. नेहमीचे पसरलेले ढग काहीशे मेगाहर्ट्झवरच पारदर्शक होतात. सर्वात कोवळे, सर्वात दाट ढग त्यासाठी पाच, दहा गिगाहर्ट्झ किंवा त्याहून वर जायला लावतात.

हे कोवळे ढग म्हणजे ‘अतिसंहत’ एच टू क्षेत्रं: आकाराने प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान, घनता १० हजारांच्या वर. १९८९ साली डग्लस वुड आणि एडवर्ड चर्चवेल यांनी अमेरिकेतल्या व्हेरी लार्ज ॲरेने अशी ७५ क्षेत्रं तपशिलात पाहिली. आकार नाना तऱ्हांचे होते: काही पोकळ कवचासारखे, बरेचसे नुसते ठिपके, आणि काही धूमकेतूसारखे, एका बाजूला धारदार डोकं आणि मागे पुसट शेपूट. पण खरा धक्का मोजदादीत होता.

दहा हजार अंशांचा वायू थंड वायूने वेढलेला असेल तर तो दर सेकंदाला साधारण १० किलोमीटर वेगाने फुगायला हवा. त्या वेगाने प्रकाशवर्षाचा तिसरा हिस्सा ओलांडायला सुमारे १० हजार वर्षं पुरतात. मग तो अतिसंहत राहत नाही. अवजड तारा जगतो काही दशलक्ष वर्षं, तेव्हा अशा शेकडो ताऱ्यांमागे जेमतेम एक या अवस्थेत सापडायला हवा. सापडतात त्याच्या कितीतरी पट. गावात माणसं सरासरी ८० वर्षं जगतात आणि दर दहांतला एक जण बालवाडीत आहे असं शिरगणतीत आलं, तर बालवाडी दोन वर्षांची आहे यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ती आठ वर्षांची निघेल. वुड आणि चर्चवेल यांच्या हिशेबाने अवजड तारे आपल्या आयुष्याचा दहा ते वीस टक्के भाग या कोंडलेल्या अवस्थेत काढतात. म्हणजे लाखांत वर्षं, हजारांत नाहीत.

मग ढग फुगत का नाहीत? उत्तरं बरीच सुचवली गेली. भोवतीचा वायू वाटतो त्याहून जास्त दाबाचा असेल. तारा ढगातून वेगाने सरकत असेल आणि त्याच्यापुढे वायू सतत दाबला जात असेल. धूमकेतूसारखा आकार याच्याशी जुळतो. ताऱ्याभोवतीची तबकडी हळूहळू वाफाळून नवा आयनीभूत वायू पुरवत असेल. काही ठिकाणी तर असं दिसलं की आपण ज्याला अतिसंहत म्हणत होतो तो मोठ्या, विरळ ढगाचा फक्त दाट गाभा होता. तीक्ष्ण दुर्बिणीने तेवढाच टिपला आणि भोवतालचा पसारा हुकला. खोडदसारख्या दुर्बिणीचं मोल अशा जागी कळतं.

मला सगळ्यात पटणारं उत्तर त्या घाईच्या जन्मातच आहे. ताऱ्यावर माल पडतो तो सुरळीत धारेने नाही. एवढ्या प्रचंड प्रमाणात येणारा वायू स्वतःच्या गुरुत्वाने गाठी आणि दोरखंड धरतो. एखादी दाट गाठ ताऱ्याजवळ आली की ती फोटॉन अडवते. मागचा वायू उजेडावाचून पुन्हा जुळू लागतो. घन सेंटीमीटरला १० लाख कणांच्या वायूत ही जुळणी महिना-दीड महिन्यात होते, १० हजारांच्या वायूत बारा वर्षांच्या आसपास. गाठ सरकली की ढग पुन्हा फुटतो. थॉमस पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये संगणकावर असा तारा घडवून पाहिला तेव्हा त्याचं एच टू क्षेत्र सतत फुगलं नाही. ते वाढलं, आक्रसलं, पुन्हा वाढलं, आणि तारा माल खातोय तोवर हे चालू राहिलं. बालवाडी लांबते ती यामुळे.

हे खरं असेल तर ढग माणसाच्या हयातीत बदलताना दिसायला हवेत. आकाशगंगेच्या केंद्राजवळ, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर सॅजिटॅरियस बी-२ नावाचा प्रचंड रेणुमेघ आहे. त्यात एकाच जागी ४१ अतिसंहत क्षेत्रं दाटीने बसली आहेत. त्याची १.३ सेंटीमीटर तरंगलांबीवरची निरीक्षणं १९८९ मध्ये झाली होती. क्रिस डी प्री आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तीच दुर्बीण, तीच तरंगलांबी आणि तेवढीच तीक्ष्णता ठेवून पुन्हा पाहिलं. तेवीस वर्षांत ४१ पैकी चार क्षेत्रांची चमक लक्षणीय बदलली होती. तीन उजळली होती. के-३ नावाचं चौथं मंदावलं होतं. नुसत्या फुगण्याच्या गणितात के-३ ला जागा नाही.

एका मंदावलेल्या ढगावर सगळा डोलारा उभा करता येणार नाही, हे त्या कामातल्या मंडळींनाही ठाऊक आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेकडे म्हणूनच डोळे लागलेत. त्यात भारतही सहभागी आहे आणि आपल्या बाजूचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून चालतं. दक्षिण गोलार्धातून आकाशगंगेचं केंद्र माथ्यावर येतं, त्यामुळे सॅजिटॅरियस बी-२ वारंवार आणि बारकाईने पाहता येईल. के-३ पुन्हा उजळला आणि उजळलेल्या तिघांपैकी एखादा मंदावला, तर माल अजून पडतोय आणि आतला तारा अजून वाढतोय असं धरावं लागेल. सगळेच हळूहळू फुगत, पसरत गेले, तर लाखभर वर्षांच्या बालवाडीचं कारण भोवतालच्या दाबात किंवा ताऱ्याच्या चालीत शोधावं लागेल.